नीटनंतरचे पाच महिने

२०२४ साली वैद्यकीय प्रवेशासाठीची नीट परीक्षा ५ मे रोजी झाली आणि एमबीबीएसचं पहिलं वर्ष राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या वेळापत्रकानुसार १ ऑक्टोबरला सुरू झालं. मधे जवळपास पाच महिने गेले. त्या वर्षी पेपरफुटी, ग्रेस गुण, फेरपरीक्षा आणि सुप्रीम कोर्ट यांत सगळेच अडकले होते, हे खरं. पण गोंधळ नसलेल्या वर्षीही हे अंतर तीन-चार महिन्यांचं असतं. या काळात घरोघरी चर्चा असते ती मागच्या वर्षीच्या कटऑफची. डोमिसाइल, जातवैधता, नॉन-क्रिमिलेअर, गॅप असेल तर त्याचं प्रतिज्ञापत्र, पहिल्या राउंडला मिळालेली सीट धरून ठेवायची की पुढच्या राउंडची वाट पाहायची, यात आईवडिलांचे दिवस जातात. मूल मोबाइल घेऊन पलंगावर पडलेलं असतं. दोन-तीन वर्षं घाण्याला जुंपलेल्या मुलाने महिनाभर लोळलं तर माझी काही हरकत नाही. माझी तक्रार उरलेल्या चार महिन्यांबद्दल आहे.

आपल्याकडे वैद्यकीयची तयारी म्हणून जे काही चालतं, ते सगळं प्रवेशाशी येऊन संपतं. त्यानंतर जे शिकायचं आहे त्याची तयारी कुठल्याच खात्याच्या, कुठल्याच संस्थेच्या अखत्यारीत येत नाही. कनिष्ठ महाविद्यालय शालेय शिक्षण विभागाकडे, मेडिकल कॉलेज वैद्यकीय शिक्षण विभागाकडे आणि जिथे रुग्ण असतात ती ग्रामीण रुग्णालयं सार्वजनिक आरोग्य विभागाकडे. बारावीनंतरचं मूल या तिघांच्या मधल्या बोळात उभं असतं.

मी एमबीबीएसच्या पहिल्या वर्षाला फिजिऑलॉजी, म्हणजे शरीरक्रियाशास्त्र, शिकवते. हिमॅटॉलॉजीच्या, म्हणजे रक्ततपासणीच्या, प्रॅक्टिकलला विद्यार्थ्याने स्वतःच्या बोटाला लॅन्सेट टोचून रक्ताचा थेंब काचपट्टीवर घ्यायचा असतो. दुसरी पट्टी तिरकी धरून तो एका दमात ओढायचा, वाळवायचा, त्यावर लीशमन स्टेन हा पेशी रंगवणारा रंग घालायचा, दोन मिनिटांनी बफरचं पाणी, मग आठ-दहा मिनिटं हात बांधून उभं राहायचं आणि मग धुवायचं. हे थांबणं कोणाला जमत नाही. चौथ्या मिनिटालाच नळाखाली पट्ट्या जातात आणि सगळं फिकट निघतं. ज्यांचा स्टेन बरा येतो ते मायक्रोस्कोपची सर्वांत मोठं दाखवणारी ऑइल इमर्शनची लेन्स खाली आणतात आणि मोठा स्क्रू फिरवतात. बाजूने डोळा लावून लेन्स आणि काच यांतलं अंतर पाहायचं, मग वरून बघत लहान स्क्रू हळूहळू फिरवायचा, हे त्यांना कोणी कधी करायला लावलेलंच नसतं. पट्टी तडकते. तरीही तासाच्या शेवटी सगळ्यांच्या जर्नलमध्ये शंभर पांढऱ्या पेशींची मोजणी लिहिलेली असते, आणि ती कशी? न्यूट्रोफिल ६०ते ६५च्या आत, लिम्फोसाइट २०-२५, मोनोसाइट ६ ते ८, इओसिनोफिल दोन किंवा तीन. अकरावी-बारावीच्या पुस्तकात दिलेले आकडे जसेच्या तसे. ज्याला सकाळपासून शिंका येताहेत आणि डोळे लाल झालेत, त्याच्या पट्टीवरचे, ॲलर्जीत वाढणारे इओसिनोफिलही दोनच टक्के!

एका मुलीला मी विचारलं, तुला पट्टीवर काय दिसतंय? ती म्हणाली, "मॅडम, दिसत काहीच नाहीये, पण न्यूट्रोफिलच्या केंद्रकाला लोब किती असतात ते मला माहितीये." हुशार मुलगी होती. खोटं तिला बोलायचं नव्हतं. तिच्या लेखी माहीत असणं आणि दिसणं यांत फरक पडण्याचं काही कारणच आजवर आलं नव्हतं.

व्हायवात, म्हणजे तोंडी परीक्षेतही, हेच. "बीपी कमी झालं तर शरीर काय करतं, सांग" असं विचारलं की समोर शांतता. तोच प्रश्न मी दोन पर्याय देऊन विचारला की अर्ध्या सेकंदात अचूक उत्तर. १८० प्रश्न, ७२० गुण, बरोबरला चार आणि चुकीला वजा एक, या हिशेबात दोन वर्षं घडलेली बुद्धी आहे ती. वेगवान आहे, काटेकोर आहे आणि कोणीतरी पर्याय समोर ठेवेपर्यंत सुरूच होत नाही. रुग्ण पर्याय घेऊन येत नाही. तो म्हणतो, चार दिवस झाले, बरं वाटत नाही.

आता यावर लातूरला, कोटाला आणि क्लासवाल्यांना शिव्या घालण्याची एक ठरलेली पद्धत आहे. मला ती पटत नाही. लातूर पॅटर्न नावारूपाला आला तेव्हा मराठवाड्यातल्या साध्या घरांतली मुलं मुंबई-पुण्याच्या मेडिकल कॉलेजांत दिसू लागली, हे मोठं काम होतं. परीक्षा जशी असेल तसा क्लास असणार. २०२५ मध्ये देशभरात २२ लाखांहून जास्त मुलं नीटला बसली आणि एमबीबीएसच्या जागा होत्या सुमारे १ लाख १८ हजार. एवढी मोठी चाळणी यंत्राने तपासता येईल अशीच असणार, निबंध लिहायला लावून लाखोंचे पेपर कोण तपासणार? नीट चाळणी म्हणून चालू द्या. पण चाळणीतून खाली पडलं म्हणजे पीठ भिजवून, मळून तयार झालं, असं समजून आपण पोळ्या लाटायला बसतो, तिथे घोळ आहे.

खरी पडझड झाली आहे ती कनिष्ठ महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत. बारावीला प्रत्येक विज्ञान विषयाचे ३० गुण प्रात्यक्षिकाचे. क्लासशी संधान बांधलेल्या 'इंटिग्रेटेड' किंवा 'टाय-अप' कॉलेजात नाव घातलेल्या मुलाने प्रयोगशाळेचं दार परीक्षेच्या आठवड्यात पहिल्यांदा पाहिलं, हे आता कोणाला धक्कादायकही वाटत नाही. राज्य शासनाने २०१८ मध्ये विज्ञान शाखेच्या विद्यार्थ्यांसाठी बायोमेट्रिक हजेरीचा आदेश काढला होता. त्याचं काय झालं ते आपण पाहतोच आहोत. जर्नल वरच्या वर्गातल्या ताईचं उतरवायचं, सर्टिफाय करून घ्यायचं आणि तीसपैकी अठ्ठावीस-एकोणतीस घेऊन बाहेर पडायचं. यात कॉलेजचं, परीक्षकाचं, पालकाचं आणि मुलाचं सगळ्यांचंच भलं असतं, म्हणून तक्रार कोण करणार? पुस्तकाबरहुकूम इओसिनोफिल लिहिण्याची सवय तिथली आहे. आमच्याकडे ती फक्त पुढे चालू राहते.

माझ्या वडिलांच्या पिढीत दहावी-बारावीचा हा आकृतिबंध नव्हता. तो १९७०च्या दशकात आला. त्याआधी मॅट्रिकनंतर मुलं थेट कॉलेजात जात आणि इंटर सायन्सच्या, म्हणजे कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाच्या, गुणांवर मेडिकलला प्रवेश मिळे. त्या पद्धतीला दिव्य म्हणण्याचा माझा विचार नाही. मेडिकलच्या जागा मोजक्या होत्या आणि त्या कोणत्या घरांत जात होत्या हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण एक गोष्ट होती. जो प्राध्यापक बी.एस्सी.च्या मुलांना शिकवी तोच यांनाही शिकवी, आणि प्रयोगशाळा त्याच मोठ्या कॉलेजची असे. मूल चुकलं तर लॅब असिस्टंट सगळ्यांसमोर ओरडे. आज बेडूक कापायचा नाही, ते बरंच झालं, बेडकांनाही जगायचं आहे. पण कांद्याच्या मुळाची टोकं रंगवून पेशीविभाजन पाहायला कोणत्या प्राण्याचा जीव जात नाही, आणि तेही मुलांनी पाहिलेलं नसतं.

यातल्या अपवादांकडे मी नेहमी लक्ष देते. दरवर्षी बॅचमध्ये दोन-चार विद्यार्थी असे असतात की ज्यांना पहिल्या प्रयत्नात सीट मिळाली नाही, म्हणून बी.एस्सी.ला नाव घातलं, प्राणिशास्त्र किंवा सूक्ष्मजीवशास्त्र एक-दोन वर्षं मन लावून शिकले आणि मग नीट परीक्षा पास होऊन आले. पालक या वर्षांना 'वाया गेलेली' म्हणतात. प्रॅक्टिकलच्या टेबलाशी या मुलांचा हात स्थिर असतो. काचपट्टी तडकत नाही, दिसलं नाही तर ते 'दिसलं नाही' असं लिहितात, आणि शेजारच्याला फोकस लावून देतात. पहिल्या सत्र परीक्षेला त्यांचे गुण फार वेगळे असतात असं नाही, त्यामुळे कोणाच्या हे लक्षात येत नाही. आपल्या व्यवस्थेत बी.एस्सी. झालेल्याला वैद्यकीयसाठी वेगळं दार नाही. त्यानेही बारावीच्या मुलांच्या रांगेत उभं राहून तीच नीट द्यायची. ते दार असावं की नसावं हा मोठा वाद आहे, तो इथे नको. मात्र प्रयोगशाळेतल्या एक-दोन वर्षांनी काय घडतं याचा पुरावा आमच्या डोळ्यांसमोर आहे, एवढं नक्की.

या सगळ्यावर सरकारने काहीच केलं नाही असं म्हणता येणार नाही. तेव्हाच्या मेडिकल कौन्सिलने २०१९ मध्ये नवा अभ्यासक्रम आणला आणि पहिल्याच महिन्यात १७५ तासांचा फाउंडेशन कोर्स ठेवला. ओळख-परिचयाला ३० तास, प्रथमोपचार, हात धुणं, जैववैद्यकीय कचरा अशा कौशल्यांना ३५, आरोग्य केंद्राच्या भेटीला ८, व्यावसायिक नीतीला ४०, भाषा आणि संगणकाला ४०, खेळ आणि इतर गोष्टींना २२. कागदावर हा आराखडा मला आजही आवडतो. ज्यांनी तो लिहिला त्यांना मुलं कुठे अडखळतात हे माहीत होतं. मग कोरोना आला, प्रवेश लांबले, वर्ष आक्रसलं आणि पहिली कात्री या कोर्सला लागली. ॲनाटॉमीचा विभागप्रमुख म्हणतो पोर्शन कधी संपवू, आणि त्याचंही चूक नाही.

पण वेळ पुरेसा असता तरी हा कोर्स चुकीच्या ठिकाणी बसवला आहे. दीडशे-दोनशे मुलं लेक्चर हॉलमध्ये बसवून पडद्यावर 'सहानुभूती' शिकवता येत नाही. शिवाय तो कोर्स मिळतो कोणाला? पहिल्या राउंडला आलेल्यांना. दुसऱ्या, तिसऱ्या आणि शेवटच्या राउंडची मुलं येतात तेव्हा डिसेक्शन हॉलमध्ये मृतदेहाचा हात आणि बगल शिकवून झालेली असते, हाडांचे संच वाटून संपलेले असतात आणि फाउंडेशन कोर्सचं प्रमाणपत्र हजेरीपत्रकावरून निघतं. काठावर प्रवेश मिळालेली ही मुलं. त्यांनाच हा आधार सगळ्यात जास्त हवा होता.

भाषेचं तर दुहेरी त्रांगडं आहे. मराठी माध्यमातून आलेला मुलगा पहिल्या महिन्यात इंग्रजी लेक्चरमध्ये घुसमटतो. त्याची दखल निदान घेतली जाते, मध्य प्रदेशाने तर २०२२ मध्ये हिंदीतून एमबीबीएसची पुस्तकं काढली. उलट्या बाजूची घुसमट कोणी मोजत नाही. मुंबई-पुण्याच्या इंग्रजी शाळेतून आलेली मुलगी, किंवा १५ टक्के अखिल भारतीय कोट्यातून आलेला परप्रांतातला मुलगा, वॉर्डात जातो. आजी सांगते, छातीत धडधडतंय, डोळ्यापुढे अंधारी येते, पायाला मुंग्या येतात आणि परवापासून पोटात कळ मारतेय. मुलगा नर्सकडे बघतो. नर्स कामात असते. तो केसपेपरवर 'पेन' एवढंच लिहितो. मेळघाटात आजी कोरकूत बोलेल आणि भामरागडला माडियात, तेव्हा तर आमची मराठी मुलंही नर्सकडेच बघणार.

सेवाग्रामचं उदाहरण इथे द्यायला हवं. डॉ. सुशीला नायर यांनी १९६९ मध्ये सुरू केलेल्या तिथल्या वैद्यकीय महाविद्यालयात नवी बॅच आधी पंधरा दिवस गांधीजींच्या आश्रमात राहते. झाडलोट, प्रार्थना, श्रमदान, सगळं स्वतः करायचं. पुढे प्रत्येक बॅच एक गाव घेते आणि तिथे शिबिराला राहते. नीट येण्यापूर्वी त्यांच्या प्रवेशपरीक्षेत गांधीविचारावर वेगळा पेपरही असे. तो पेपर गेला याचं मला फारसं दुःख नाही, कारण कुठलाही विचार पेपरात घातला की त्याची उत्तरं पाठ होतात. शिबिर राहिलं हे महत्त्वाचं. पहिल्या लेक्चरच्या आधी मुलांनी पंधरा दिवस कोणाशी तरी बोलावं, काहीतरी हाताने करावं, आणि त्याला गुण नसावेत, हे तिथे कित्येक वर्षं चाललं आहे.

मला हवं आहे ते याहून साधं. नीट झाल्यावर, जून ते सप्टेंबरच्या दरम्यान, चार आठवडे आपल्या तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात काढायची सोय शासनाने करावी. सुई नाही, ड्रेसिंग नाही, औषध नाही. केसपेपरच्या खिडकीशी बसायचं, म्हातारीला कोणत्या खोलीत जायचं ते दाखवायचं, गरोदर बायकांच्या तपासणीच्या दिवशी वजन-उंची लिहून घ्यायची, आशाताईंबरोबर दोन-चार घरी जाऊन यायचं. आणि रोज संध्याकाळी एका रुग्णाने काय सांगितलं ते त्याच्याच शब्दांत एक पान लिहायचं, नाव-गाव न लिहिता. बस. ज्याला एमबीबीएस मिळालं नाही, त्याला आयुर्वेद, नर्सिंग, फार्मसी किंवा बी.एस्सी. करतानाही याचा उपयोगच आहे. आणि एखाद्याला चार आठवड्यांत कळलं की हे आपलं काम नव्हे, तर ते साडेपाच वर्षांनी कळण्यापेक्षा बरं.

अट एकच, आणि ती मी कधीही सोडणार नाही: या चार आठवड्यांना प्रवेशात अर्धाही गुण मिळता कामा नये. तो मिळाला की आठवड्याभरात 'रुग्णालय अनुभव प्रमाणपत्र' देणारी दुकानं निघतील, जर्नलचं जे झालं तेच याचं होईल. अमेरिकेत आधी चार वर्षांची पदवी, मग एमकॅट ही प्रवेशपरीक्षा, मग मेडिकल स्कूल असा रस्ता आहे. त्यांनी २०१५ पासून एमकॅटमध्ये मानसशास्त्र आणि समाजशास्त्राचा विभाग घातला, ते स्तुत्यच. पण अर्जात स्वयंसेवेचे अनुभव तासांसकट नोंदवायचे असतात, त्यामुळे तिथल्या आपल्या नातेवाइकांच्या मुलांशी बोललं की तासांचा हिशेबच आधी ऐकू येतो. ज्याच्या वडिलांची ओळख आहे त्याला चांगल्या हॉस्पिटलात तास मिळतात. आपल्याकडे ओळखीचा वापर कसा होईल हे सांगायला नको.

यावर आरोग्य विभागातले मित्र म्हणतील, आमच्याकडे आधीच डॉक्टर कमी, पोरं कोण सांभाळणार? रास्त आहे. म्हणून एका केंद्रावर तीन-चारच मुलं, आणि त्यांची जबाबदारी वैद्यकीय अधिकाऱ्यावर न टाकता निवृत्त शिक्षक किंवा निवृत्त परिचारिका यांच्यावर, मानधन देऊन. सुरक्षिततेचा प्रश्नही खराच आहे. डॉक्टरांवर हल्ले होतात, त्यात सतरा वर्षांचं मूल उभं राहता कामा नये. रात्रीचं काम नाही, अपघात विभाग नाही, पालकांची लेखी संमती. रुग्णाचं खासगीपण जपायला शिकवणं हा तर पहिल्या दिवसाचा पाठ. क्लासवाले म्हणतील, हा वेळ रिपीटच्या तयारीत गेला असता. म्हणू द्या.

राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या कृतिगटाने २०२४ मध्ये मानसिक आरोग्याचा अहवाल दिला. त्यांच्या ऑनलाइन पाहणीत पदवीच्या २५ हजारांहून अधिक विद्यार्थ्यांनी उत्तरं दिली आणि त्यांतल्या जवळजवळ २८ टक्क्यांनी आपल्याला मानसिक आजाराचं निदान झालं आहे असं सांगितलं. स्वतःहून उत्तर देणाऱ्यांचे आकडे जपूनच वाचावेत, आणि चार आठवडे केसपेपरच्या खिडकीशी बसून हे सगळं सुटेल असा दावा मी करत नाही. हॉस्टेल, रॅगिंग, फी, घरच्यांच्या अपेक्षा यांचा वाटा मोठा आहे. पण पहिल्या तीन महिन्यांत मुलं माझ्यासमोर येऊन रडतात तेव्हा त्यांचं वाक्य साधारण एकच असतं: मी इथे बसण्याच्या लायकीचा नाही. आयुष्यभर वर्गात पहिला आलेला मुलगा दीडशे पहिल्यांमध्ये चाळिसावा येतो, व्हायवात त्याच्या तोंडून शब्द फुटत नाही, आणि आपण हुशार आहोत याचा त्याच्याकडे असलेला एकमेव पुरावा म्हणजे गुण, तोच नाहीसा होतो. एखाद्या म्हातारीशी धड बोलता येतं, तिला आपला उपयोग झाला, एवढा दुसरा पुरावा गाठीशी असला तर कदाचित तो थोडा तग धरेल.

कनिष्ठ महाविद्यालयांच्या प्रयोगशाळा सुधारणं हे दीर्घ पल्ल्याचं काम आहे. तिथे बाहेरचा परीक्षक, न सांगता ठरवलेली तारीख आणि ३० गुणांऐवजी 'येतं' किंवा 'पुन्हा या' एवढाच शेरा, असं मला सुचतं. तीस गुण ठेवले तर ते वाटले जाणारच. त्यासाठी मंडळाशी भांडायला वर्षं लागतील. पाच महिन्यांचं मात्र तसं नाही. कायदा बदलायचा नाही, नीटला हात लावायचा नाही, दिल्लीला विचारायचं नाही. तीन विभागांच्या सचिवांनी एका टेबलाशी बसून एक शासन निर्णय काढायचा आहे.

आणि त्या चार आठवड्यांच्या पहिल्याच दिवशी प्रत्येक मुलाला हिपॅटायटिस बीच्या लसीची पहिली मात्रा द्यावी, लहानपणी पूर्ण झाल्याची नोंद नसेल तर. तीन मात्रा लागतात: पहिल्या दिवशी, एका महिन्याने आणि सहा महिन्यांनी. आज आम्ही हे प्रवेशानंतर सुरू करतो आणि तिसरी मात्रा येईपर्यंत पहिलं वर्ष निम्म्याहून जास्त सरलेलं असतं, मुलं बोटांना लॅन्सेट टोचून झालेली असतात. जूनमध्ये सुरुवात केली तर ऑक्टोबरात डिसेक्शन हॉलचं दार उघडेल तेव्हा दोन मात्रा झालेल्या असतील.